कात्रीच्या बाजूने

थंडी पडली की कपाटाच्या वरच्या फळीवरून गरम कपड्यांचं गाठोडं खाली येतं आणि त्याच्याबरोबर एक वादही. गाठोड्यात कोपराला भोक पडलेला पुलओव्हर असतो, धुण्यात आटून शाळकरी मुलाच्या मापाचा झालेला दुसरा असतो, गळा सैल पडलेला तिसरा असतो आणि चेन मोडलेलं जर्किन असतं. घरातलं कुणीतरी म्हणतं, याची बंडी होईल, त्याची टोपी होईल, या बाह्यांचे पायमोजे होतील. दुसरं कुणीतरी लगेच म्हणतं, "कात्री कसली लावतेस? त्यापेक्षा कुणा गरिबाला दे. माणसं उघड्यावर कुडकुडतायत."

या वाक्यापुढे कात्री धरलेलं माणूस गप्प बसतं. बसू नये, असं माझं म्हणणं आहे. जुन्या गरम कपड्यांतून घरच्या घरी नवं, अंगावर मिरवावंसं काही करण्याविरुद्ध जे जे बोललं जातं, त्यात हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि सर्वांत अप्रामाणिकही. बाकीचे त्यामानाने हलके. नवा स्वेटर चारशे रुपयांत मिळतो तर हा खटाटोप कशाला? जुन्याचं नवं करायला मोठे कारखाने आहेत, घरच्या कापाकापीने काय होणार? आपले स्वेटर खऱ्या लोकरीचे तरी कुठे असतात? आणि शेवटी, ठिगळं लावणं हे आपल्या आज्यांचं नाइलाजाचं काम, त्यातून बाहेर पडलो तर पुन्हा तिकडे कशाला वळायचं? हा शेवटचा प्रश्न मात्र हलका नाही. त्याच्याकडे सावकाश येते.

आधी दानाचं बघू.

दान म्हणून प्रत्यक्षात काय दिलं जातं, हे ज्याने सोसायटीच्या आवारातल्या 'जुने कपडे इथे टाका' खोक्यात एकदा हात घातला आहे त्याला सांगायला नको. काखेत उसवलेलं कार्डिगन, निम्मी बटणं गायब. इलॅस्टिक गेलेली माकडटोपी. जोडीतला एकच हातमोजा. कसर लागून चाळण झालेली शाल. बऱ्याच गोष्टी धुतलेल्याही नसतात, डांबरगोळ्यांचा वास तेवढा असतो. देणाऱ्याचं कपाट रिकामं झालेलं असतं आणि मन भरलेलं. पुढे त्या ढिगाचं काय होतं हे बघायला तो थांबत नाही.

जुन्या कपड्यांची खरी पारख आपल्याकडे कुणाला असेल तर ती बोहारणीला. स्टीलचं पातेलं समोर ठेवून ती एकेक कपडा उजेडाकडे धरते, काखा बघते, शिवण ताणून बघते आणि फाटकं, आटलेलं, डागाळलेलं बिनबोभाट बाजूला सारते. तिला तो कपडा पुढे बाजारात विकायचा असतो आणि तिथला गिऱ्हाईक कितीही गरीब असला तरी फाटक्याला पैसे मोजत नाही. म्हणजे जिचं पोट जुन्या कपड्यांवर चालतं ती बाई जो स्वेटर नाकारते, तोच दुसऱ्या कुणी हसतमुखाने घ्यावा अशी आपली अपेक्षा असते. बोहारीण हिशेबी आणि आपण दानशूर, असं समजायचं काही कारण नाही. तिच्या हिशेबात घेणाऱ्याच्या पसंतीला जागा आहे. आपल्या दानात ती नाही.

आपत्तीच्या वेळी तर हे उघड्यावर येतं. २००४च्या त्सुनामीनंतर देशभरातून ट्रक भरभरून जुने कपडे तमिळनाडूच्या किनाऱ्यावर गेले आणि त्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. कोळ्यांच्या कुटुंबांनी ते उचलले नाहीत. घर गेलेल्या माणसाने काय घालावं याचाही त्याला विचार असतो, ही गोष्ट तेव्हा पुष्कळांना नव्याने कळली. अंशू गुप्ता यांनी १९९९मध्ये सुरू केलेली 'गूंज' ही संस्था त्या कपड्यांच्या ढिगांतही काम करत होती. गुप्तांना २०१५मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो कपडे वाटल्याबद्दल मिळाला असं आपल्याकडे समजलं जातं. वस्तुस्थिती जरा वेगळी आहे. गूंज कपडा फुकट वाटायला तयार नसते. गावाने विहीर खणायची, रस्ता नीट करायचा, बांध घालायचा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपड्यांचा संच घ्यायचा, अशी तिची रीत आहे. आणि जे घालण्याजोगं नसतं त्याचं ती काय करते? कापते. त्याच्या गोधड्या, पिशव्या, मासिक पाळीसाठीच्या घड्या होतात. कपडे गरजूंपर्यंत पोचवण्यासाठी देशात नावाजलेली संस्था कात्री बाळगते आणि आपल्या घरात मात्र कात्री काढली की पाप.

या दानाला एक इतिहासही आहे आणि तो सोयीस्करपणे विसरला जातो. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शूद्राला काय द्यावं याची यादी आहे: उष्टं अन्न, जीर्ण वस्त्रं, धान्यातलं फोलपट, घरातलं जुनं सामान. गावगाड्यात ही यादी नुसती पोथीत राहिली नाही. अंगावरून उतरलेलं, आणि मढ्यावरचं कापडसुद्धा, कुणाच्या वाट्याला जायचं हे ठरलेलं होतं. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या परिषदेत तो ग्रंथ जाळण्यात आला, ऐन थंडीत. त्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की ज्या वेशावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते तो वेश टाका, लुगडं इतर बायका नेसतात तसं नीट नेसा, स्वच्छ राहा. कपडा ही अब्रूची गोष्ट आहे हे ज्यांना अब्रू नाकारली गेली त्यांना चांगलं माहीत होतं. तेव्हा 'फाटका आहे, पण कुणा गरिबाला चालेल' हे वाक्य बोलताना आपण कुठल्या यादीतली ओळ म्हणतोय, याचा विचार करायला हरकत नाही.

कामाला येणाऱ्या बाईला आपण असा स्वेटर देतो तेव्हा ती 'नको' म्हणत नाही. कशी म्हणेल? महिन्याचा पगार त्याच हातातून यायचा असतो. तो स्वेटर वाटेतल्या कचराकुंडीत जातो हे तिला माहीत असतं, आपल्यालाही अंधूकपणे माहीत असतं, आणि दोघीही पुढच्या थंडीत तोच प्रयोग पुन्हा करतात.

माझा नियम सोपा आहे. जो स्वेटर आपण धुऊन, घडी घालून सख्ख्या भाच्याला देऊ, तो द्यावा. त्याला कात्री लावू नये. जो भाच्याला द्यायला लाज वाटेल तो आपला आहे आणि त्याचं काय करायचं हा प्रश्नही आपलाच आहे.

हा नियम आमच्या बाजूच्या लोकांनाही लागू आहे आणि ते तो रोज मोडतात. मोबाइलवरच्या चित्रफितींत धडधाकट स्वेटर मधोमध कापून, गोंदाच्या पिस्तुलाने मणी चिकटवून, एका फोटोपुरतं 'क्रॉप टॉप' केलं जातं. एका धुण्यात मणी गळतात. याला नवनिर्मिती म्हणणं मला जमत नाही, ही नासधूस आहे. त्याहून वाईट म्हणजे घोंगडी कापून लॅपटॉपची पिशवी करणं. सणगराने खड्डामागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली, दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी माणसाची निम्मी हयात टिकते. ती जुनी झाली असं म्हणायला तुम्हाला वीसेक वर्षं थांबायला हवं. तिच्यावर आधीच मेहनत झालेली आहे आणि ती मेहनत तुमच्या मशीनच्या टीपेपेक्षा मोलाची आहे. आधी वापर, मग रफू, मग उसवून पुन्हा विणणं आणि यातलं काहीच जमणार नसेल तेव्हा कात्री. हा क्रम पाळणाऱ्यांचीच बाजू मी घेते आहे.

आता सुशिक्षितांचा आवडता आक्षेप. त्यांचं म्हणणं, हे काम शास्त्रशुद्ध आणि मोठ्या प्रमाणावर व्हायला हवं, आणि ते होतंच आहे, पानिपत आहे ना! पानिपत आहेच, आणि थोर आहे. जगभरचे टाकलेले गरम कपडे कांडला बंदरातून तिथे पोचतात. बायका विळीसारख्या उभ्या पात्यावर चेन, बटणं, अस्तर, लेबलं वेगळी करतात. कपड्यांची रंगवार प्रतवारी होते, म्हणजे सूत पुन्हा रंगवायला नको. मग यंत्रात ते फाडून, पिंजून त्याचं सूत काढतात. मेघना गुप्ता यांच्या २०१२च्या 'अनरॅव्हल' या माहितीपटात या बायका परदेशी बायकांच्या अवाढव्य मापांकडे बघून त्यांच्या आयुष्याविषयी जे अंदाज बांधतात ते ऐकण्यासारखे आहेत. हे तंत्र मूळचं इंग्लंडमधल्या यॉर्कशरचं. बॅटली गावच्या बेंजामिन लॉने १८१३मध्ये चिंध्यांपासून असं सूत काढलं आणि त्याला 'शॉडी' हे नाव पडलं.

पण यंत्र काय करतं ते नीट समजून घ्या. ते कापड फाडतं, म्हणजे धागा तोडतं, म्हणजे तंतू आखूड करतं. मूळ लोकरीचा बोटभर लांब तंतू शॉडीत नखाएवढा उरतो. आखूड तंतूंचं सूत कमजोर, म्हणून जाड कातावं लागतं, त्यात दुसरं काही मिसळावं लागतं, आणि त्याचं होतं काय तर मदतछावणीत वाटायचं टोचरं ब्लँकेट. तेही आता मागे पडत चाललं आहे, कारण पानिपतमधल्याच कित्येक कारखान्यांनी कोऱ्या पॉलिएस्टरच्या मऊ ब्लँकेटांकडे मोर्चा वळवला. घरी कात्रीने कापलेल्या स्वेटरातला तंतू मात्र जेवढा होता तेवढाच राहतो, आणि उसवून पुन्हा विणलेल्यातला तर आख्खा धागाच शाबूत राहतो. कारखाना कपड्याला एक पायरी खाली उतरवतो. चांगला हात त्याला त्याच पायरीवर ठेवतो, कधी एक वर चढवतो. शिवाय कोल्हापुरातल्या किंवा ठाण्यातल्या कपाटातून पानिपतपर्यंतचा रस्ता आहे कुठे? तुमचा भोकाचा पुलओव्हर घंटागाडीत पडला की ओल्या कचऱ्याबरोबर कचराभूमीवर जातो. पानिपतचं नाव घेऊन तो टाकून देणं म्हणजे गावात विहीर आहे म्हणून घरचा माठ फोडण्यासारखं आहे.

"पण हे सगळं खऱ्या लोकरीला ठीक," असं लगेच म्हटलं जातं. बरोबर. आपण ज्याला लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा मेंढीच्या अंगावर कधी नव्हतीच. पुणे, नाशिक, नागपुरात थंडीच्या सुरुवातीला तिबेटी विक्रेते पाल टाकतात, त्यांचा बराचसा माल लुधियान्याचा आणि त्यातला मोठा वाटा अ‍ॅक्रिलिकचा. दुकानात विणायला मिळणारी 'लोकर'ही बव्हंशी तीच, मागच्या पिढीतल्या बायका तिला कॅशमिलॉन म्हणायच्या. पण यावरून 'मग टाकूनच द्या' हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच की हातात काय आहे ते आधी ओळखा.

ओळखणं अवघड नाही. शिवणीच्या आतून बोटभर धागा काढा आणि ताटलीत धरून पेटवा. लोकर कुरकुरत जळते, केस जळल्याचा वास येतो, राख बोटांनी चुरडते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि मागे काळा टणक मणी राहतो. दोन्हींचे रस्ते इथून वेगळे होतात.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. साबणाच्या कडकडीत पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात, कापड आटतं, घट्ट आणि जाड होतं. याला आपण स्वेटर खराब झाला म्हणतो. खरं तर तेव्हा तो कात्रीला तयार झालेला असतो, कारण आता कुठेही कापलात तरी धागा सुटत नाही. मशीनमध्ये चुकून आटलेल्या पुलओव्हरची छाती-पाठ म्हणजे टोपी, बोटांवाचूनचे हातमोजे, सपातांचं अस्तर किंवा लहान मुलाचं जाकीट, आणि कडांना नुसता काजाचा टाका घातला तरी पुरे. आपल्याकडे लोकर दाबून जेन नावाचं जाड अंथरूण करतात त्यामागे हेच शास्त्र आहे, मशीनने अनवधानाने तेच केलेलं असतं. अर्थात 'मशीनमध्ये धुता येईल' अशी प्रक्रिया केलेली लोकर अशी आटत नाही, तिथे कितीही उकळा, हात हलवत परत यावं लागतं.

अ‍ॅक्रिलिक आटत नाही. कापलं की टाके सरसर सुटतात. म्हणून त्याला आधी मशीनची नागमोडी टीप घालायची, दुहेरी, आणि मग टीपेच्या बाहेरून कापायचं. समोरून उभा छेद देऊन पट्टी लावली की गळ्यातून घालायच्या पुलओव्हरचं कार्डिगन होतं. खांदे दुखणाऱ्या, हात वर न जाणाऱ्या वयाच्या माणसाला हा बदल नव्या स्वेटरपेक्षा मोठा. वाफेची इस्त्री मात्र त्यावर फिरवू नका, अ‍ॅक्रिलिकचा जीव जातो आणि ते कायमचं लोळागोळा होतं.

उसवायचं असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते आणि ती चित्रफितींत क्वचित सांगतात. बाजूची शिवण आतून तपासा. कडा विणतानाच पूर्ण झालेल्या असतील तर पाठीचा पूर्ण भाग एका अखंड धाग्यात सुटतो. पण तिथे ओव्हरलॉक असेल तर स्वेटर थानातून कापून शिवलेला आहे. तो उसवलात की प्रत्येक ओळीमागे हातभर तुकडा मिळेल, दुसरं काही नाही. स्वस्त स्वेटर बहुतेक या दुसऱ्या जातीचे. अखंड सुटलेला धागा नागमोडी असतो, त्याची खुर्चीच्या पाठीभोवती लड करून, चार जागी बांधून, ओली करून, खाली वजन लावून टांगली की सरळ होतो. मुलांचे स्वेटर असे दर दोन थंड्यांनी उसवून, कमी पडेल तिथे दुसऱ्या रंगाचे पट्टे घालून वाढवले जात. ते पट्टे हौसेचे नव्हते, पण दिसायचे झकास.

अ‍ॅक्रिलिकवर आणखी एक टीका होते आणि ती खरी आहे. प्लिमथ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६मध्ये मोजलं तेव्हा सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून सात लाखांहून जास्त सूक्ष्म तंतू पाण्यात जातात असं आढळलं, पॉलिएस्टरपेक्षाही अधिक. मग असे कपडे टिकवून काय साधायचं, असं विचारतात. अहो, म्हणूनच तर त्यांचं रूप बदलायचं. दर आठवड्याला धुवावा लागणारा स्वेटर गोधडीच्या पोटात, लोडाच्या खोळीत गेला की तो वर्षातून एखाद्या वेळी पाण्याला लागतो. टाकून दिलात तर त्याच्या जागी नवा अ‍ॅक्रिलिक येणार आणि तो पहिल्या धुण्यापासून तंतू सोडू लागणार. तुमच्याच आकडेवारीने तुमचा मुद्दा पडतो.

फॅशनच्या अंगाने बघायचं तर मराठी मुलखाला सर्वांत उपयोगी एकच कपडा आहे, बंडी. निफाड, महाबळेश्वर, विदर्भातला एखादा आठवडा सोडला तर आपल्याला बाह्यांची थंडी पडते कुठे? छाती झाकली की काम भागतं. आणि अमेरिकेतून, कॅनडातून सुट्टीला येणारे आपले लोक तर बर्फासाठी केलेली फुगीर जाकिटं बॅगेतून आणून नातेवाइकांच्या गळ्यात घालतात. पुण्यात ती एक दिवस घालून, घाम पुसून, कपाटात जातात. त्यांच्या बाह्या काढा. आत पिसं किंवा पॉलिएस्टरचा कापूस असेल, म्हणून खांद्याच्या गोलाईवर आधी बारीक टीपेच्या दोन ओळी घाला आणि मधून कापा, नाहीतर घरभर पिसं उडतील. काठाला जुन्या खणाची किंवा इरकलीची पट्टी लावा. चारचौघांत विचारणा होईल अशी बंडी तयार होते.

असलं काही अंगावर घालून बाहेर पडायचं म्हणजे गबाळेपणा, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक दाखला. मार्टिन मार्जिएला या बेल्जियन डिझायनरने १९९१मध्ये पॅरिसमध्ये सैन्याच्या शिलकी मोज्यांचा स्वेटर केला. मोज्याची टाच जिथे फुगते तिथे कोपर आणि छाती बसवली. फॅशनच्या इतिहासात तो मानाने नोंदला गेला आणि तो घरी कसा करायचा हेही पुढे छापून आलं. म्हणजे कल्पनेला दाद मिळते. फक्त ती करणारी बाई डोंबिवलीची नसावी लागते, एवढंच.

आता तो जड प्रश्न. आपल्या आज्या लुगड्याला दंड घालत. नेसून मधला भाग विरला की तो कापून टाकायचा आणि दोन धड तुकडे जोडायचे. दंडाचं लुगडं नेसलेली बाई गावात ओळखू यायची आणि ते ओळखू येणं तिला नको असायचं. वाकळ शिवली जायची कारण रजई परवडत नसे. या बायकांना कुणी पैसे दिले असते तर त्यांनी दुकानातून रजई आणली असती, आणि बरोबर केलं असतं. म्हणून 'आपली संस्कृती मुळातच पर्यावरणस्नेही' अशी भाषणं झोडणाऱ्या आमच्याच पक्षातल्या मंडळींचा मला राग येतो. नाइलाजाला संस्कृती म्हणणं ही पोट भरलेल्यांची चैन आहे. ज्याच्या घरात कालपरवापर्यंत ठिगळ होतं तो नव्या कोऱ्या स्वेटरसाठी हट्ट धरत असेल तर त्याच्यापुढे पुनर्वापराचं कीर्तन करू नये.

पण यावरून कात्री टाकून द्यावी असंही ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१पासून कपड्यांचं रेशनिंग लागू झालं आणि ते युद्ध संपल्यावरही १९४९पर्यंत चाललं. १९४३मध्ये सरकारने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली: स्वेटर कसा उसवावा, नवऱ्याच्या कोटातून स्वतःचा कसा बेतावा, कोपराला कातडं कसं लावावं. कुपनं सरदाराच्या बायकोलाही तेवढीच आणि मोलकरणीलाही. त्या आठ वर्षांत रफू केलेला कोट घालणं कमीपणाचं राहिलं नाही. ठिगळाची लाज वाटते ती गावात एकट्यालाच ते लावावं लागतं तेव्हा. सगळ्यांच्या, त्यातही ज्यांना नवं परवडतं त्यांच्या अंगावर ते आलं की तीच गोष्ट रीत होते.

म्हणून मला चालत आलेली वाट उलटी करायची आहे. आजवर धड ते आपल्याला आणि विटकं ते खाली, असं चाललं. आता धड ते द्यावं आणि विटकं आपण अंगावर घ्यावं, कापून, बेतून, नव्याने शिवून, देखणं करून. ज्याच्या कपाटात आठ स्वेटर आहेत त्याने दोन चांगले काढून द्यावेत आणि फाटक्या दोहोंतून एक स्वतःसाठी करावा. दानाचा आग्रह धरणारे याला तयार आहेत का, हे मी विचारून बघत असते. बहुतेकांना अचानक चांगल्या स्वेटरच्या आठवणी येतात.

हे काम पुन्हा घरातल्या बाईच्याच गळ्यात पडणार, अशी शंका मैत्रिणी घेतात आणि ती रास्त आहे. उपाय एकच, ज्याचा स्वेटर त्याची सुई. रफूगर पुरुष असतो, शिंपी पुरुष असतो, घोंगडीच्या मागावर सणगर पुरुष बसतो. तेव्हा पुरुषांच्या बोटांना हे जमत नाही ही सबब बाजारात चालत नाही, घरातही चालू नये.

राहिला पैशाचा हिशेब. चारशेचा नवा स्वेटर समोर असताना एक संध्याकाळ जुन्यावर घालवणं परवडत नाही, हे मान्य. पण हा हिशेब मांडणारे लोक रविवारी क्रिकेट बघताना तासाचा दर काढत नाहीत. आणि शिवणीच्या आत बघायची सवय एकदा लागली की तो चारशेचा स्वेटर दुकानातच उलटा करून, ओव्हरलॉक बघून, परत ठेवला जातो. बचत तिथे होते.

देण्याजोगे स्वेटर मात्र अडवून ठेवू नका, आणि वेळेवर द्या. साखर कारखान्यांचं गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतं. बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांत पहाटेच्या दवात ऊस तोडतात आणि त्यांची पोरं पाचटाच्या कोपीत झोपतात. आपण कपाट आवरतो ते मार्चमध्ये, टोळ्या परतीला लागल्यावर. यंदा दिवाळी आटोपली की लगेच आवरा. धड असतील तेवढेच स्वेटर निवडा, धुवा, तुटलेली बटणं लावा, लहान मुलांच्या मापाचे वेगळे बांधा आणि जवळच्या कारखान्याच्या तळावर नोव्हेंबर संपायच्या आत स्वतः नेऊन द्या.